पुसलेला बाण

कुणावरही, अगदी सख्ख्या माणसावरही विश्वास ठेवायचा नाही, या एकाच सत्यावर सगळी संगणकीय सुरक्षा उभी असते. ताई हे नव्या भरतीला दरवर्षी ठासून सांगत आणि सांगून झालं की उघडी पर्स टेबलावर टाकून चहाला जात.

ताई रुग्णालयाच्या संगणक विभागात होत्या. यंत्रणेचा नकाशा काढायचा, कुठली माहिती कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवायचं आणि चोर कुठून शिरेल ते चोराच्या आधी शोधायचं, हे त्यांचं काम. नकाशा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने यंदा एकच बाण लाल केला. तो रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांच्या घरच्या लॅपटॉपमधून थेट रुग्णांच्या नोंदींत जात होता. मध्ये पासवर्डसुद्धा नाही. साहेबांच्या तो लक्षात राहत नसे.

त्या नोंदींत ताईंच्या धाकट्या भावाची फाइल होती, मनोविकार विभागातली. त्याच्या सासरी याचा पत्ता नव्हता. उपचारांना तो तयार होईना, तेव्हा ताईंनीच शब्द दिला होता, इथे मुंगीलाही शिरता येणार नाही.

ताईंनी रस्ता बंद करायची परवानगी मागितली. साहेबांनी नकाशा उभा-आडवा पाहिला आणि परवा तपासनीस येताहेत याची आठवण दिली.

"मॅडम, तो बाण तेवढा पुसून टाका."

"साहेब, बाण पुसून रस्ता बंद होत नाही."

"तपासणी रस्त्याची आहे की नकाशाची?"

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, हेही साहेबांनी जाता जाता कानावर घातलं. ताई दिवसभर धुमसल्या आणि मग बाण पुसला. रस्ता सवडीने बंद करू, अशी मनाची समजूत घातली. नकाशा हिरवागार झाला. तपासनिसांनी पाठ थोपटली, ताई प्रमुख झाल्या. सवड तेवढी मिळाली नाही.

पुढे साहेबांचा लॅपटॉप गाडीतून चोरीला गेला. थोड्याच दिवसांत रुग्णांच्या फाइली नावानिशी जगजाहीर झाल्या. धाकट्याची फाइल त्याच्या सासऱ्यांच्या फोनवर पोचली आणि बायको माहेरी गेली. तो ताईंकडे आला. आवाजही चढवला नाही त्याने.

"ताई, चोर कुठून शिरेल ते तुला आधी कळतं ना गं?"

ताईंनी चहा टाकू का, असं विचारलं.

चौकशी समिती बसली. तिने ताईंच्या सहीचा नकाशा बारकाईने पाहिला आणि असा मार्ग अस्तित्वातच नाही, सबब माहिती इथून फुटलेली नाही, असा निर्वाळा दिला.

साहेबांना नवा लॅपटॉप मिळाला. तो पहिल्याच दिवशी रुग्णांच्या नोंदींना थेट जोडला गेला.