मागच्या अंगणाचा फोटो

"आई, तिकडून कुठी चालली? पुढच्या दाराची किल्ली हाये माह्यापाशी."

चतुराबाई थांबल्या नाहीत. फाटक उघडल्याबरोबर त्या उजवीकडच्या बोळात शिरल्या होत्या आणि भिंतीचा आधार घेत घराच्या मागे निघाल्या होत्या.

"मले मागूनच सापडते हे घर," त्यांचा आवाज बोळातून आला. "तू काढ तुह्ये फोटो."

एप्रिलमधले साडेतीन वाजले होते. दीपमालाने तोंडावरचा स्कार्फ सोडला, कुलूप काढलं आणि आत शिरली. अकोल्याच्या जठारपेठेतलं हे बैठं घर वकील पिंजरकरांचं. वकीलसाहेब गेले, मागोमाग बाईही गेल्या; एकुलता एक मुलगा शुभम पुण्याला. आठ महिने हे घर इंटरनेटवर विकायला लागलेलं होतं, दोन दलालांनी हात टेकले होते, आणि परवा त्याची किल्ली दीपमालाकडे आली होती. याच घरात तिच्या आईने बावीस वर्षं धुणंभांडी केली होती. "वकिलाचं घर आलं माह्याकडे," असं तिने सकाळी सांगितलं, तर चतुराबाई एवढंच म्हणाल्या, "मले बी ने."

दीपमाला वानखडे एकोणचाळीस वर्षांची. घरं विकून देण्याचं काम ती एकटी करायची. झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल, एक स्कूटर आणि एक चांगला मोबाईल, एवढा तिचा पसारा. त्याआधी नऊ वर्षं ती नोंदणी कार्यालयाबाहेर बसून खरेदीखतं टाइप करत होती. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता. हजारो घरांच्या चतुःसीमा तिच्या बोटांखालून गेल्या. पण वारा कुठून येतो आणि ऊन कुठे पडतं, हे एकाही खतात नव्हतं. माणूस मात्र घर घेताना तेच शोधतो, हे तिला तिथे बसूनच कळलं. म्हणून तिचा सगळा भर पहिल्या फोटोवर. घर बघायला माणूस येतो तो पहिल्या फोटोमुळे. बाकीचे वीस तो घरी परत गेल्यावर बघतो, असं ती म्हणायची. एका फ्लॅटचा पहिला फोटो म्हणून तिने फक्त खिडकी टाकली होती, कारण तिच्यातून समोरच्या शाळेचं फाटक दिसायचं. तो फ्लॅट नऊ दिवसांत गेला होता. इतर दलाल तोंडावर हसायचे आणि फोटो कुठला टाकू म्हणून गुपचूप फोन करायचे.

या घराचा आतापर्यंतचा पहिला फोटो तिने आधीच बघून ठेवला होता. दोन खांब, बंद फाटक, नावाची पितळी पाटी आणि सगळ्यावर पश्चिमेचं पांढरंफटक ऊन. बघूनच घशाला कोरड पडत होती.

बैठकीत दिवाण होता, काचेच्या कपाटात कायद्याची जाड पुस्तकं होती. तिने खिडक्या उघडल्या, कोपऱ्याकोपऱ्यातून फोटो घेतले. खोल्या मोठ्या होत्या, भिंतींना कुठे ओल नव्हती. पण नजर थांबेल असं काही मिळत नव्हतं.

"दीपे, इकडं ये वं!"

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि दीपमालाच्या अंगावर गार झुळूक आली. घराची सावली सगळ्या अंगणावर पडली होती. खाली शहाबादी फरशी, एका बाजूला शेवग्याचं झाड, मधोमध विहीर. शेजारचे लोक झाडांना पाणी घालायला तिचंच पाणी काढायचे, त्यामुळे दोर आणि बादली जागेवर होती.

"इथं बस," चतुराबाई पायरीवर हात थापटत म्हणाल्या. "वारा लागते का?"

"लागते."

"दुपारी ह्या घरात थंड जागा हे एकच. वकीलसाहेब आतमंधी कूलरपुढं घामेजून बसत, अन् मी इथं भाकर खाऊन अर्धा घंटा लवंडून घेत होती. कोनाले पत्ता नाई."

"अन् विहीर?"

"मे महिन्यात खाली जाते, पर आटत नाई. साऱ्या गल्लीतल्या बाया पानी नेत होत्या."

दीपमाला उठून उभी राहिली. शहरात नळ कधी चौथ्या दिवशी यायचा, कधी सहाव्या. पारा चव्वेचाळीसवर. आणि आठ महिने दलाल लोकांना या घराचं ऊन दाखवत होते. सावली मागे पडली होती, पाणीही.

"आई, घर इकलं समज," ती म्हणाली.

तिने अकरा फोटो घेतले, पण एकही जमेना. अंगण कोरडं, ओस दिसत होतं. गारवा अंगाला लागत होता, फोटोत उतरत नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या तर उजेड बरा पडेल, म्हणून ती आत गेली. गंजलेल्या कड्या निघता निघेनात. बाहेर आली तेव्हा चतुराबाईंनी विहिरीतून बादली काढली होती, हातपाय धुतले होते, आणि त्या पायरीवर बसल्या होत्या. ओल्या फरशीवर पाय पसरलेले, पदर खांद्यावर टाकलेला, डोळे मिटलेले.

दीपमालाने विचार न करता बटण दाबलं.

"हाच!" ती म्हणाली. "आई, हाच पयला फोटो."

चतुराबाईंनी मोबाईल हात लांब करून धरला आणि बराच वेळ पाहिला.

"मी काहून याच्यात?"

"तू हायेस म्हनून तं थंड वाटून राह्यलं."

"तू घर इकून राह्यली का मले? लोक म्हनतीन, भांडेवाली बाई घरासोबतच भेटते काय!"

त्या हसल्या, पण मोबाईल त्यांनी लगेच परत दिला. दीपमालाने मोबाईल खाली घेतला. आपण उजेड पाहिला, सावली पाहिली, आणि आई तिथे कशी दिसेल हे पाहिलंच नाही, याचं तिला वाईट वाटलं.

"बरं. उठ मंग," ती हलक्या आवाजात म्हणाली.

चतुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि अंगणात ठेवलेल्या चपलांकडे न वळता तशाच ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या. करड्या फरशीवर सहा-सात पावलं उमटली. रुंद पावलं, बोटं फाकलेली, डावा पाय जरा बाहेर वळलेला. त्या हवेत ओल टिकणारी नव्हती. मागच्या पावलाच्या कडा आकसायलाही लागल्या होत्या. दीपमाला घाईने गुडघ्यांवर बसली आणि तिने तीन फोटो घेतले. विहीर, ओली बादली, शेवग्याची सावली आणि घरात शिरणारी पावलं. कुणीतरी आत्ताच आत गेलं आहे आणि आता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईल, असं वाटत होतं.

"आता पाह्य," तिने आईला दाखवलं.

"आता ठीक हाये," चतुराबाई म्हणाल्या. "पायाले कोन ओळखते?"

संध्याकाळी तिने फोटो इंटरनेटवर टाकले आणि लगेच पुण्याहून शुभमचा फोन आला.

"ताई, हे काय केलंत? भांडी घासायची जागा पहिल्या फोटोत? बाबांची पाटी कुठे गेली?"

"आठव्या नंबरवर आहे, साहेब."

"आठव्या? वकिलाचं घर आहे हे लोकांना कळायला नको?"

"आठ महिने कळतच होतं. किती लोक आले?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"अकोल्यात एप्रिलमध्ये घर शोधणारा माणूस पाटी वाचत नाही, साहेब. सावली बघतो, पाणी बघतो. तुमच्या घरात दोन्ही आहे, पण मागे आहे."

"मी त्या घरात वाढलो. दुपारी मागे गार असतं हे मला माहीत नाही, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझी आई दुपारी तिथं जेवायची. चतुराबाई."



"चतुरामावशी?" शुभमचा आवाज बदलला होता. "ती मला पपईच्या देठातून साबणाचे फुगे करून द्यायची. बरी आहे ना ती?"

"बरी आहे. फोटोतली पावलं तिचीच आहेत."

"असं होय," तो म्हणाला. "चाळीस दिवस ठेवू. नाही जमलं तर पाटीचा फोटो."

"चालेल," दीपमाला म्हणाली. चाळीस दिवस लागणार नाहीत, हे तिला फोटो काढतानाच कळलं होतं.

तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिल्या दहा दिवसांत सात कुटुंबं घर बघून गेली. सगळ्यांनी आधी मागचं अंगण बघायला मागितलं. अकराव्या दिवशी माधवी नावाची बँकेतली बाई आली. अमरावतीहून तिची बदली झाली होती. तिथल्या राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर राहून तिची सासू कंटाळली होती. सासू माणिकबाईही सोबत होत्या. मूर्तिजापूरकडच्या खेड्यात वाढलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

माणिकबाईंनी बैठक पाहिली नाही, पाटी पाहिली नाही. त्या सरळ मागे गेल्या आणि वाकून फरशीकडे बघायला लागल्या.

"हेच ना थे? फोटोतलं?" त्या म्हणाल्या. "मी सुनेले म्हटलं, बाकी काही पाहू नोको, हे घर पाहू. लक्ष्मीचे पाय उमटले होते. अन् घरात जाऊन राह्यले होते, बाहीर नाई."

दीपमाला नुसती हसली असती तरी भागलं असतं. बहुतेक व्यवहारही तिथेच झाला असता. पण नऊ वर्षं खतं टाइप करून तिने आपल्यापुरता एक नियम करून घेतला होता. जे लिहून देता येणार नाही, ते बोलायचं नाही, आणि गप्प राहून तसं भासवायचंही नाही.

"माझ्या आईचे पाय आहेत ते, आजी. चतुराबाई नाव तिचं. बावीस वर्षं या घरात धुणंभांडी केली तिनं."

माणिकबाईंनी मान वर केली.

"वानखडे ना तुमी? कोन्ते वानखडे?"

वऱ्हाडात हे आडनाव कुणब्यांतही असतं आणि बौद्धांतही. दीपमाला ते कधी लपवत नसे. पण लोक विचारत नसत, आपापल्या सोयीने समजून घेत, आणि काम पुढे सरकत असे.

"जयभीमवाले," ती म्हणाली.

माधवी एकदम अवघडली. "आई, चला ना, गच्ची बघू वरची."

माणिकबाई हलल्या नाहीत. त्या विहिरीच्या काठाशी गेल्या आणि दोन्ही हात टेकून खाली बघत राहिल्या. दीपमाला जागची हलली नाही. घराबद्दल बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. पुढचं त्या बाईंनी ठरवायचं होतं.

"पानी पेयाले कसं हाये?" माणिकबाईंनी खाली बघतच विचारलं.

"मला नाही माहीत. मी प्यायले नाही कधी," दीपमाला म्हणाली. "आईलेच इचारा."

तिने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि मोबाईल माणिकबाईंच्या हातात दिला.

"हॅलो, कोन?"

"मी माणिकबाई. वकिलाचं घर पाहाले आली. विहिरीचं पानी गोड हाये काय बाई?"

"गोड हाये," चतुराबाई म्हणाल्या. "खरं सांगू काय? बावीस वरसं म्या नाई पेलं थे पानी. वकिलाची माय होती तवा दोराले हात लावू देत नोती. साऱ्या गल्लीले देत होती, मले नाई. मंग थे मेली. सूनबाई म्हने, घे चतुरा, आता कोन हाये बोलाले? म्हटलं, नोको बाई, माह्यी बाटली हाये. मंग शेवटपर्यंत बाटलीच नेली म्या."

दीपमालाने शेवग्याच्या झाडाकडे तोंड फिरवलं. ती निळी बाटली रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तीच भरून द्यायची. आईला घरचंच पाणी गोड लागतं, असं ती इतकी वर्षं समजत होती.

"मंग गोड हाये म्हून कसं सांगता?" माणिकबाईंनी विचारलं.

"त्या दिवशी पेलं ना! पोरगी फोटो काढून राह्यली होती. थे आतमंधी गेली खिडक्या उघडाले. म्या बादली काढली अन् पेलं. पोटभर पेलं. गोड हाये बाई. घ्या तुमी घर."

 माणिकबाई माधवीकडे वळून म्हणाल्या, "घेऊन टाक. सांगनारी खरी हाये."

मोबाईल त्यांनी परत दिला नाही. त्या पायरीवर टेकल्या, पाय पसरले आणि शेवग्याला शेंगा कधी लागतात ते विचारायला लागल्या. चतुराबाई सांगायला लागल्या. मोबाईलवर मधूनमधून दुसरे नंबर चमकत होते, घराची चौकशी करणारेच असावेत. माणिकबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि दीपमालाही मोबाईल मागायला गेली नाही. ती माधवीला घेऊन गच्चीच्या जिन्याकडे निघाली. मागे चतुराबाईंचा आवाज अंगणभर येत होता: उन्हाळ्यात झाडाले पानी संध्याकाळी टाका, सकाळी टाकसान तं सुकून जाते.