पाहुणे पंच झाले

मला बघायला जळगाव जामोदची मंडळी आली, पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि दारात पोलिसांची जीप थांबली. आमच्या वरवट बकालला जीप थांबली की अर्धं गाव हातातलं काम टाकून गोळा होतं. तसं झालंच.

फौजदार धम्मशीला मॅडम सरळ म्हणाल्या, "कडूबाभाऊ, विहिरीवरच्या मोटारीची चोरीची केबल तुमच्या घरात ठेवल्याची खबर हाये. झडती घ्या लागते."

"कोनं सांगतलं? त्याले आना माह्यासमोर!" बाबा गरजले. त्यांचं डोकं तापायला वेळ लागत नाही. आई दाराला धरून उभी राहिली. पाहुणे, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक उद्धवराव, त्यांच्या पत्नी शारदाबाई आणि मुलगा शिवम, बशीतले पोहे मोजल्यासारखे खाली बघत होते. बाबांनी पोलिसांना हाकललं असतं, तर संशय पाहुण्यांसोबत जळगावला गेला असता आणि हे लग्न जुळायच्या आधीच मोडलं असतं. आणि शिवम मला आवडला होता. खोटं कशाला बोलू?

मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचा हात धरून म्हटलं, "घ्या झडती, पन कायद्यानं. वॉरंट कुठी हाये?"

"खबर आताच आली. वॉरंट आनेलोक माल हलला असता. म्हनून कारन लिहून घेतलं. हे वाच." मॅडमनी कागद दिला. कागद बरोबर होता.

"व्हिडिओ?"

हवालदार गणेशभाऊंनी मोबाईल वर केला.

"आता आधी तुमची झडती द्या."

मॅडम हसल्या आणि खिसे उलटे केले. गणेशभाऊंच्या खिशातून कंगवा निघाला आणि बायकोनं दिलेली भाजीची यादी. गर्दी खिदळली.

राहिले दोन पंच, म्हणजे झडती डोळ्यांनी बघून सही करणारे त्रयस्थ साक्षीदार. तमाशा बघायला पन्नास माणसं होती. पंच म्हटल्यावर अंगण रिकामं झालं. शेजारचे हरिओमकाका जाता जाता म्हणाले, "कोर्टाचे खेटे कोन मारन? माही कंबर दुखते."

"गावातलं कोनी तयार नसन तं बाहेरगावचे चालतात," मी म्हणाले आणि माझीच जीभ चावली. सगळ्यांच्या नजरा पाहुण्यांकडे वळल्या होत्या.

मॅडमनी विचारलं, "तुमचं या घराशी नातं काय?"

उद्धवरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "अजून तं काही नाई."

झालं! मला बघायला आलेले सासूसासरे पोलिसांमागे आमचं घर बघायला निघाले. तुरीची कोठी झाली, माझं कपाट झालं. मागच्या खोलीपाशी आई रडकुंडीला आली. पाहुणे येणार म्हणून घरातला सगळा पसारा तिनं तिथं कोंबला होता. तिला चोरीच्या आळापेक्षा त्याची लाज जास्त वाटत होती. शारदाबाईंनी आत डोकावून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याकडे हेच सामान पलंगाखाली राह्यते."

आणि त्याच पसाऱ्यातून गणेशभाऊंनी केबलचं वेटोळं ओढलं.

"थांबा!" उद्धवराव वर्गात बोलावं तसे बोलले. "चोरीला किती गेली?"

"दोनशे फूट. नवी."

"मंग मोजा." मोजली. अठरा फूट भरली, त्यात बाबांनी चिकटपट्टीनं मारलेले सहा जोड. गणेशभाऊच म्हणाले, "हे चोरानं फुकटबी नेलं नसतं."

पंचनाम्यात लिहिलं गेलं: आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही. उद्धवरावांनी ओळन् ओळ वाचली, एक वेलांटी दुरुस्त करायला लावली, मग दोघांनी सह्या केल्या. बाबांना प्रत मिळाली. जीप गेली.

गार पोहे पुढं ओढत उद्धवराव म्हणाले, "आजवर लोकाईनं आमाले बैठकच दाखवली. हे घर आमी कोठीच्या तळालोक पाह्यलं. पसंत हाये."

बाबांचे डोळे भरले. मला मात्र राहवलं नाही. "आता मीही तुमच्या घराची झडती घेईन. मग सांगीन."

आईनं कपाळावर हात मारला. शारदाबाई मात्र खळखळून हसल्या. "ये, रविवारी ये."

शिवम एकदम बोलला, "रविवार काऊन? उद्याच या ना."

सगळे हसले. इतका वेळ पोलिसांना कायदा शिकवणारी मी पोहे गरम करायच्या निमित्तानं आत पळाले.