एका चाकावर उतरलेला वाटाड्या

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. मला चाक एकच आहे, आणि तेही मोटारसायकलचे. किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशी गावात, एका वेल्डरने लोखंडी नळ्या जोडून मला घडवले. हमालांनी आळीपाळीने डोक्यावर घेऊन मला शिखराखालच्या शेवटच्या तळावर आणले. वरच्या विरळ हवेत ज्यांची छाती पाण्याने भरते त्यांना खाली नेणे, एवढेच माझे काम.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे माझ्यावर ओले मोजे वाळू लागले. एकदा स्वयंपाकी नडेलिलियोने झोपडीचे दार बसवण्यासाठी माझ्या ब्रेकचा बोल्ट काढून नेला. कुणाच्या लक्षातही आले नाही.

मुख्य वाटाड्या एलिआपेंडा तर माझी थट्टाच करी. दोनशे वेळा शिखर गाठलेला माणूस तो! मला थोपटून पाहुण्यांना म्हणे, "हा आमचा जावई. काम ना धाम, नुसता भिंतीला टेकून!"

त्या वेळी तो पाच पाहुण्यांना घेऊन चढला होता, तोही सर्दी अंगावर काढून. चौथ्या दिवशी दुपारी तळावर पोहोचला आणि खोकू लागला. तो खोकला मी ओळखला. छातीत पाणी झाले की असा बुडबुड्यांचा आवाज येतो. त्याच्या हाताखाली तयार झालेली वाटाडी आइकारुवा हिनेही तो ऐकला.

"दादा, खाली जायचं. आत्ताच."

"वेड लागलंय का तुला? सर्दी आहे नुसती. चहा आण."

विरळ हवा बाधली की माणसाला सरळ चालता येत नाही, म्हणून तिने बुटाने मातीत रेघ ओढली. "मग या रेघेवरून सरळ चालून दाखवा."

"ही परीक्षा मीच शिकवली तुला!"

"म्हणूनच सांगते. चाला."

तिसऱ्या पावलाला तोल जाऊन तो माझ्यावर आदळला. त्याचे ओठ निळे पडले होते.

"पाहुण्यांसमोर मला यावर निजवणार?" तो धापा टाकत म्हणाला. "उद्या मला काम कोण देईल?"

"उद्या काम मागायला जिवंत तर राहा!"

तिने पाहुण्यांना दुसऱ्या वाटाड्याच्या हवाली केले. त्यांचे शिखर गाठायचे राहून गेले; तेही मागून उतरणार होते. एलिआपेंडाला पट्ट्यांनी बांधून, तोंडावर ऑक्सिजन लावून सहा जण मला घेऊन उतरू लागले. धुके दाट होते. सुट्या दगडमातीच्या उतारावर माझे चाक भरधाव सुटले. पुढच्याने ब्रेक दाबला, पण मी थांबेना. खाली दरी होती.

"ताई, ब्रेक निकामी आहे! बोल्ट मीच काढला होता!" नडेलिलियो ओरडला.

"नंतर बोल! दोर धर!"

आइकारुवाने मागचा दोर मनगटाला गुंडाळला आणि टाचा रोवल्या. दोर तिचे तळहात सोलत सरकत गेला. नडेलिलियो पुढे धावला आणि त्याने चाकाखाली सरळ आपली पाठीवरची पिशवी कोंबली. त्याची बोटे चिरडली, पण मी थांबलो. दरी दोन हातांवर होती.

चार तास त्यांनी मला जवळजवळ उचलूनच नेले. झाडी सुरू झाली तसा एलिआपेंडाचा श्वास सावरू लागला. खाली थांबलेल्या गाडीपाशी त्याने डोळे उघडले. पहिला प्रश्न होता, "पाहुणे?"

"पाचही जण सुखरूप उतरतायत, दादा."

तेव्हा कुठे तो रडला.

आता तो डोंगर चढत नाही. पायथ्याशी नव्या वाटाड्यांना शिकवतो. प्रत्येक तुकडीला तो सांगतो, "मी खोकला लपवला होता. तुम्ही लपवू नका."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू रोज कामाला येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. आणि स्वतःचे दुखणेही दडवू नका. दडवलेले ओझे शेवटी दुसरेच कुणीतरी वाहते. आइकारुवाची डावी मूठ अजून पूर्ण मिटत नाही.