एका डब्यातल्या गोळ्या

शिवगंगा ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधी आली, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

ठरलेला वार गुरुवार होता. पण गुरुवारी तुळजापुरात मीटिंग निघाली, म्हणून सास्तूरची भेट बुधवारीच उरकावी असं तिनं ठरवलं आणि स्कूटी थेट पार्वतम्माच्या अंगणात आणून उभी केली. दार सताड उघडं होतं. आत पार्वतम्मा आणि नागूबाई या दोघी जावा समोरासमोर मांडी घालून बसल्या होत्या. मधे स्टीलचा एक डबा. नागूबाईनं डोळे मिटले, डब्यात हात घातला, एक पांढरी गोळी काढून तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्याली. मग डबा जावेपुढं सरकवला. पार्वतम्मानंही डोळे मिटूनच गोळी उचलली.

भिंतीशी दोन प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या पडल्या होत्या. रिकाम्या. एकीवर पार्वतम्माचा नंबर, दुसरीवर नागूबाईचा. शिवगंगानंच गेल्या महिन्यात दिलेल्या.

"तू उद्या येणार व्हतीस ना गं?" पार्वतम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं कसलंच लक्षण नव्हतं. नागूबाईनं मात्र डबा हळूच पदराखाली ओढला.

शिवगंगा हृदयविकारावरच्या एका अभ्यासात काम करत होती. अभ्यास सोलापूरच्या डॉक्टरांचा, पण उन्हातान्हात गावोगाव फिरायचं ते शिवगंगासारख्या बायकांनी. ज्यांच्या हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात अशा माणसांना नेहमीची औषधं चालू ठेवून वर एक नवी गोळी द्यायची, दर महिन्याला बीपी, नाडी, वजन बघायचं, बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि फॉर्म भरायचा. काही बाटल्यांत खरं औषध होतं, काहींत नुसती तशीच दिसणारी, औषध नसलेली रिकामी गोळी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निकाल खरा लागावा म्हणूनच ही लपवालपवी.

बाकीच्या बायका हे समजावून सांगण्याच्या फंदात फारशा पडत नसत. 'गोळी चांगलीय, घ्या,' म्हणत आणि अंगठा घेत. शिवगंगाला ते जमायचं नाही. तिनं प्रत्येकाला अंगणात बसवून, दोन-दोनदा, अगदी रिकाम्या गोळीसकट सगळं सांगितलेलं असे. नाडीसुद्धा ती पुरं एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची पद्धत इतरांची. मीटिंगमध्ये तिची यावरून थट्टा होई आणि ती हसून सोडून देई.

तिच्या या हट्टामागं एक चिठ्ठी होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा वीरभद्र पिठाच्या गिरणीत छाती धरून बसला. ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या डॉक्टरनं नाडी धरली न धरली आणि चिठ्ठीवर 'गॅस' असं लिहून दिलं. वीरभद्र घरी येऊन सोडा प्याला आणि दिवस मावळायच्या आत गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. ती चिठ्ठी शिवगंगाच्या पर्समध्ये अजून आहे, सास्तूरच्या या दोघींनीही ती पाहिलेली. कुणीतरी, कधीतरी, नीट मोजलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

"अक्का, हे काय केलंत ओ तुमी?" ती उंबऱ्यातच टेकली.

"काय केलं? तूच तर म्हणाली व्हतीस," पार्वतम्मा शांतपणे म्हणाली. "कुणाला खरी गोळी, कुणाला रिकामी, तुला बी ठाव न्हाय आन डाक्टरला बी ठाव न्हाय. मंग आमी इचार केला. हिला खरी आन मला रिकामी, न्हायतर मला खरी आन हिला रिकामी. एका घरात आसं कसं चालंल? दोन्ही बाटल्या एका डब्यात वतल्या. जे लागंल ते दोघींला लागंल."

"डोळे कशापायी मिटता?"

"निवडल्यावानी नगं व्हायला."

"आन माझ्यापुढं दोन बाटल्या यायच्या त्या?"

"तू यायच्या आदल्या दिशी मोजून निम्म्या-निम्म्या परत भरतो की," नागूबाई पुटपुटली. "म्हणलं, तुला कशाला तरास."

शिवगंगाला हसावं की रडावं कळेना. पाच महिने या दोघींच्या बाटल्यांतल्या गोळ्या अगदी एकसारख्या उरत होत्या. कुणाच्या गोळ्या हरवतात, कुणाच्या कोंबड्या खातात, कुणी पाहुण्याला देऊन टाकतं. यांचा हिशेब मात्र चोख. मीटिंगमध्ये तिनं किती ऐटीत सांगितलं होतं, माझ्या सास्तूरच्या दोघी बघा म्हणून.

पण दोष तरी कुणाला द्यायचा? भूकंपात या दोघींचं घर बसलं तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये मदतीचं एकच घोंगडं दोघींत आलं होतं. आठ महिने त्या त्याच्याखाली निजल्या. पुढं दोन भावांना शेजारी-शेजारी दोन घरं मिळाली, तर यांनी एकात चूल मांडली आणि दुसऱ्यात ज्वारी भरली. भाऊ गेले, पोरं पुण्याला गेली, चूल एकच राहिली. तुळजापूरहून दोन साड्या आणल्या तर त्या एकाच रंगाच्या. अशा घरात दोन नंबरच्या दोन बाटल्या वेगळ्या राहतील, असं शिवगंगाला वाटलंच कसं?

"आता मी हे लिवणार," ती म्हणाली.

"लिवू नगंस," नागूबाईनं तिचा हात धरला. "अक्का आता म्हादेवाच्या पायऱ्या न थांबता चढायलीय. मागं तीनदा बसायची. तू लिवलंस तर गोळ्या बंद करतील न्हवं?"

"व्हय. करतील."

"मंग तू उद्याच्याला ये. आज आलीसच न्हाईस."

इतकं सोपं होतं ते. गुरुवारची मीटिंग उरकून उशिरा यायचं, दोन बाटल्या मोजायच्या, चोख आकडे लिहायचे. कुणाचं काय बिघडणार होतं? आणि पार्वतम्मा खरंच पायऱ्या चढत होती. शिवगंगानं स्वतः पाहिलं होतं. तिनं फॉर्म मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"न्हाय लिवलं तर काय हुईल?" पार्वतम्मानं विचारलं.

"निकाल चुकंल, अक्का. दोघींपुरताच. पर चुकंल."

पार्वतम्मानं तिच्या पर्सकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्या वीरभद्राच्या चिठ्ठीवानी?"

शिवगंगानं मान डोलावली.

"मंग लिव," पार्वतम्मा म्हणाली. तिनं नागूबाईच्या पदराखालून डबा काढला, गोळ्या शिवगंगाच्या ओंजळीत ओतल्या आणि डबा आतून पुसून फळीवर पालथा घातला.

सोलापूरच्या डॉक्टर रणधीर सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, एका घरातल्या दोघींना घ्यायलाच नको होतं, ती चूक आमची. नव्या गोळ्या बंद करा, नेहमीची औषधं आणि महिन्याची भेट चालू ठेवा. शिवगंगा भेटीला जात राहिली. फॉर्मवर 'गोळी चालू आहे का' या प्रश्नापुढं दर महिन्याला 'नाही' लिहीत राहिली.

आठ महिन्यांनी, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत, पार्वतम्मा सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली ती उठली नाही.

तिचा शेवटचा फॉर्म शिवगंगानंच भरला. मृत्यूचं कारण या रकान्यात तिनं 'हृदयविकार' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि पेन खाली ठेवल्यावर तिला रडू फुटलं. आपण लिहिलं म्हणून अक्का गेली का? सरांना विचारलं तर ते म्हणाले, वय होतं, नळ्या खराब होत्या, असं सांगता येत नाही. ते खरंच होतं. पण त्यानं मनाचं समाधान होईना. सास्तूरची भेट ती महिन्याच्या शेवटावर ढकलू लागली. नागूबाई तिला एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

पुढं वर्षभरानं अभ्यास संपला. कुणाच्या बाटलीत काय होतं त्याचे कागद आले. शिवगंगानं ऑफिसच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सास्तूरचे दोन नंबर शोधले. पार्वतम्मा: रिकामी. नागूबाई: रिकामी.

तिनं पुन्हा वाचलं. दोन्ही बाटल्यांत रिकाम्याच गोळ्या होत्या. त्या डब्यात औषधाचा कणसुद्धा नव्हता. म्हणजे तिनं अक्काचं काहीच काढून घेतलं नव्हतं! व्हरांड्याच्या खांबाला धरून ती रडली, पण या खेपेला छाती हलकी झाली. कागदाची घडी पर्समध्ये घालून तिनं स्कूटी सुरू केली. नागूअक्काला हे आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं.

नागूबाई चुलीपुढं एकटीच भाकरी थापत होती. शिवगंगाला बघून तिनं पाट सरकवला.

"निकाल आला म्हणं तुमचा. आरोग्य केंद्रातली आशाताई सांगत व्हती," ती म्हणाली. "आमच्या बाटल्यांचा कागुद बी आला आसंल."

"आलाय, नागूअक्का. त्येच सांगाया—"

"नगं सांगू." नागूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "त्यात एकीपुढं खरी आसंल, एकीपुढं रिकामी. म्या आयकलं तर मला ठाव हुईल, कुणाचं कुणी खाल्लं. आमचं तसं नव्हतं गं. पाच म्हैने जे औषद व्हतं ते दोघींनी वाटून खाल्लं. तिला त्यानं आराम पडला, मला बी पडला. त्या पायऱ्या आमी दोघी मिळून चढलाव. माझ्यापाशी तिचं आता येवढंच ऱ्हायलंय."

शिवगंगाचा हात पर्सच्या अर्धवट उघडलेल्या चेनवर होता. आत वीरभद्राच्या चिठ्ठीशेजारी तो कागद होता. आयुष्यात तिनं कुणापासून खरं लपवलं नव्हतं, आणि हे खरं तर तिची सुटका करणारं होतं. एक शब्द बोलली असती तर मनावरचं ओझं इथंच उतरलं असतं.

फळीवर तो डबा अजून पालथाच होता, घासून लख्ख केलेला.

तिनं चेन लावली.

"बरं," ती म्हणाली. "हात द्या तुमचा."

"आता कशाला? तुमचं काम संपलं न्हवं? फारम बी न्हाय तुझ्यापाशी."

"न्हाय. द्या तरी."

नागूबाईनं पीठ लागलेला हात पुढं केला. शिवगंगानं मनगटावर तीन बोटं ठेवली, दुसऱ्या हातातलं घड्याळ नीट उजेडाकडं धरलं आणि पुरं एक मिनिट मोजत बसली.