रद्दीवाल्याच्या काट्यावर

परदेशी जायची बॅग आम्ही रद्दीच्या दुकानात जाऊन तोलली, हे तनयाला कळता कामा नये. तनया आमची मुलगी. ती तिकडेच, आयंधोवनला असते, तिला आठवा महिना आहे आणि आधीच तिचं मत असं आहे की आईबाबांना एकटं सोडलं की ते काहीतरी करून ठेवतात.

तिकिटं जावयांनी काढली. स्वस्तातली मिळाली, पण दोघांत मिळून मोठी बॅग एकच आणि तीही तेवीस किलोंची. हातातल्या दोन पिशव्या औषधं आणि लोकरी कपड्यांनीच भरल्या. तेव्हापासून आमच्या घरात तेवीस हा आकडा रामरक्षेसारखा म्हटला जात होता. मला तशा इतरही काळज्या होत्या. तीन महिने तुळशीला पाणी कोण घालणार, विमानात खिडकीशी बसलं तर मधेच उठायचं कसं, तिथल्या विमानतळावरच्या साहेबानं काही विचारलं तर हे त्याचीच उलटतपासणी तर घेणार नाहीत? पण ह्यांची काळजी एकच, वजन.

आमचे हे, म्हणजे अभय, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बत्तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले. मंडईतले लोक ह्यांना लांबून पाहून पारडी पुसायला घ्यायचे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण अजून भाजी घेताना नजर भाजीकडे नसते, काट्याकडे असते. निरोपसमारंभात इतरांना घड्याळ देतात. ह्यांना पितळेचं दोन किलोंचं वजन दिलं, वर नाव कोरून. तसं ते मानाचं, कामाचं नव्हे. तरी ह्यांनी दुसऱ्याच दिवशी ते खात्यात नेऊन ग्रॅमपर्यंत तपासून घेतलं आणि मगच शोकेसमध्ये ठेवलं.

तेव्हा बॅगेचं वजन घरी करायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या तेजस्विनीनं बॅगा तोलायचा लटकता काटा दिला, तर हे म्हणाले, "लटकतो तो काटा नव्हे, खेळणं." वर पैसे भरून जादा वजन नेता येतं, असं मी सुचवून पाहिलं. "जादा वजनाचे पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं," असं उत्तर आलं. मी विषय सोडला.

खरं सांगायचं तर वजनाचा घोळ माझ्यामुळेच होता. बॅगेत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, मेतकूट, सुंठ, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी होती. आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेली सहाण होती. माझ्या आईची, काळ्या दगडाची. तिच्यावर माझी बाळगुटी उगाळली, नंतर तनयाची. मायफळाचे दोन वळसे, वेखंडाचा एक, हळकुंडाचे तीन. उगाळून उगाळून मध्ये खळगा पडलाय.

तनयाला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आई, अगं इथे डॉक्टर सहा महिने दुधाशिवाय काही देऊ देत नाहीत. आणि इथे सगळं मिळतं. तू काही आणू नकोस. नुसती ये."

नुसती ये. तिनं प्रेमानंच म्हटलं, मला कळतं. पण मला ते लागलं. आंघोळ घालायला तिथली बाई शिकवून जाणार, लाडू दुकानात मिळणार, जावई स्वयंपाक करणार. मग मी नुसती जाऊन करू काय? सोफ्यावर बसून पाहुणीसारखा चहा पिऊ? गुटी नाही तर नाही, अंगाला लावायला चंदन तरी उगाळीन. पण सहाण नेणार म्हणजे नेणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ती गेली तर मी तिथे कोणीतरी असेन. ह्यांना एवढंच सांगितलं, की टॉवेलात जे आहे त्याला हात लावायचा नाही. ह्यांनीही वाद घातला नाही, फक्त म्हणाले, "बॅगेचा तळ मी भरतो, तुला भरता येत नाही." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

निघायच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाला, चाकांची ती बॅग घेऊन आम्ही सदाशिव पेठेतल्या गल्लीतून निघालो. खडखडाटानं लोक गॅलरीत आले. पहिल्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, "निघालात? अहो, विमानतळ तिकडे." हे म्हणाले, "माहीत आहे. तुम्ही पोचवायला येणार होतात का?" जोशी आत गेले.

कोपऱ्यावर उत्तरेश्वरचं रद्दीचं दुकान. बार्शीकडचा माणूस, वीस-बावीस वर्षांपासून आमची रद्दी नेतो. आणि तेवढीच वर्षं मी म्हणत आलेय की त्याचा काटा खातो. घरी उचलताना जी रद्दी जड लागते ती त्याच्या काट्यावर चढली की हलकी होते. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "सुनीती, त्या काट्यावर माझ्या खात्याचा शिक्का आहे. तुझा हात खोटा." ह्या एका विषयावर आम्ही जेवढे भांडलो तेवढे सासू-सासऱ्यांवरूनही भांडलो नाही.

ह्यांना पाहून उत्तरेश्वर उठून उभा राहिला. "या साहेब. काकू, इतकी रद्दी?"

"रद्दी नाही रे, बॅग आहे. तोल."

त्यानं बॅग काट्यावर चढवली. आकडे नाचले आणि थांबले. बरोबर तेवीस.

"घ्या! एक ग्रॅम हिकडं न्हाई, एक ग्रॅम तिकडं न्हाई," उत्तरेश्वर खूश झाला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पंचाईत लक्षात घ्या. सहाण आत, लाडू आत, आणि काटा म्हणतोय तेवीस. म्हणजे सगळं जमलं. फक्त त्यासाठी हा काटा खरा असायला हवा होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, की उत्तरेश्वर सज्जन माणूस आहे.

"काय गं," हे मिशीत हसत म्हणाले, "आज खात नाही का काटा?"

"आज उपास असेल त्याचा," मी म्हटलं. "चला आता."

तिथेच निघालो असतो तर बरं झालं असतं. पण ह्यांचा स्वभाव. खिशातून चष्मा काढला, वाकले आणि काट्याच्या कडेचा शिक्का बघू लागले. बघता बघता चेहरा बदलला. "उत्तरेश्वर, दर वर्षी तपासून घ्यायचा असतो हा. हा शिक्का चार वर्षांपूर्वीचा आहे."

"साहेब, तुम्ही रिटायर झाला, मंग कोन बोलवायला आलंच न्हाई."

"वजन आण. तपासू."

त्यानं एक लोखंडी किलो काढला. हे म्हणाले, "तुझा काटा आणि साक्षीदारही तुझाच? दुसरं वजन हवं." आणि ह्यांची नजर एकदम बॅगेकडे गेली.

"शोकेसमधलं आणते ना मी," मी म्हटलं. "दोन मिनिटांवर घर आहे."

"नको."

"नको काय?"

"ते शोकेसमध्ये नाही."

मग ह्यांनी बॅग काट्यावरून उतरवली, फूटपाथवर आडवी केली, चेन उघडली, माझी दुपटी, माझे लाडू बाजूला सारले, तळात हात घातला आणि स्वतःच्या स्वेटरात गुंडाळलेलं पितळी वजन बाहेर काढलं. दोन किलो. वर नाव कोरलेलं.

एकेक लाडू मोजून बॅगेत ठेवू देणारा हा माणूस, आणि तळात पितळ!

ह्यांनी माझ्याकडे न बघता वजन काट्यावर ठेवलं. आकडा आला, एक किलो आठशे चाळीस.

हे मनातल्या मनात हिशेब करत होते. ओठ हलताना मला दिसले. "दोन किलोंना एकशे साठ ग्रॅम खातो. म्हणजे बॅग तेवीस नव्हे. पंचवीस आहे."

"न्हाई वो साहेब! कागदाचा धुरळा बसतो आत, मला काय ठावं," उत्तरेश्वर कळवळला. आणि मला म्हणाला, "काकू, तुमीच खरं बोलत व्हता."

वीस वर्षं मी ह्या वाक्याची वाट पाहिली होती. ते ऐकू आलं आणि मला अजिबात आनंद झाला नाही. दोन किलो जादा. मला माहीत होतं काय काढावं लागणार. लाडू खाल्ले जातील, दुपटी वापरली जातील. दगड कोणालाच नको होता, मी सोडून. मी खाली बसले आणि टॉवेल सोडवून सहाण बाहेर काढली. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

"थांब," हे म्हणाले. "ती कशाला काढतेस?"

"दोन किलो काढायचे आहेत ना?"

"काढले की." ह्यांनी काट्यावरच्या पितळेकडे बोट दाखवलं.

"पण तुम्ही ते नेत कशाला होतात?"

हे चष्म्याशी खेळायला लागले. "बाळाचं वजन दर आठवड्याला करतात तिथे. त्यांचा काटा कसा असेल कोण जाणे. म्हटलं, आधी तपासून घेऊ." मग हळूच म्हणाले, "सुनीती, तिथे मला दुसरं येतं काय करायला?"

एकाच बॅगेत, एकमेकांपासून लपवून, आम्ही दोघं एकच गोष्ट नेत होतो. मला इतकं हसू आलं आणि इतकं वाईट वाटलं, की मी ह्यांचा हात धरला, भर रस्त्यात, उत्तरेश्वरसमोर. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण पेठेत हे पहिल्यांदाच.

ह्यांनी माझ्या मांडीवरची सहाण उचलली, तळहातावर एकदा खालीवर केली. "एक किलो नऊशे."

उत्तरेश्वरनं ती घेऊन काट्यावर ठेवली. आकडा पाहून ह्यांनी पुन्हा ओठ हलवले आणि मान डोलावली. काट्यानं खाल्लेलं धरून एक किलो नऊशेच.

"तनया झाली तेव्हा नर्सनं तीन किलो लिहिलं होतं," हे मला म्हणाले. "मी हातात घेतली तेव्हाच कळलं होतं. दोन आठशे. भांडायला गेलो, तर तू म्हणालीस, आज नको."

मला आठवत नव्हतं. ह्यांना आठवत होतं.

पितळी वजन ह्यांनी उत्तरेश्वरच्या हातात दिलं. "आम्ही येईपर्यंत हे ठेव. आधी काटा दुरुस्त करून खात्याचा शिक्का घे. मग रोज सकाळी ह्यानं तपासायचा. परत आल्यावर मी बघणार आहे." त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि देवाच्या फोटोखाली ठेवलं. सहाण मी पुन्हा टॉवेलात गुंडाळली. हातांना वजन कळतं हे खरं, पण चंदन हातावर उगाळता येत नाही.

परत येताना, बरोबर जोशींच्या गॅलरीखाली, तनयाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, बाबा, रस्त्यात काय करताय? आणि ती मोठी बॅग कशाला? काय काय कोंबलंयत त्यात?"

मी सहाणीचं सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच, आयुष्यात कधी एका ग्रॅमचंही खोटं न बोललेले आमचे हे फोनपुढे वाकले आणि म्हणाले, "काही नाही गं. नुसते येतोय."