रिकामी खुर्ची

पैज लागली ती जिन्यात, शिडीवर चढून खिळा ठोकताना.

"तुझ्या या फोटोंसमोर कुणी एक मिनिट उभं राहिलं, तर भर चौकात मिशी उतरवतो," खालच्या दुकानातला शिंपी मास्तर म्हणाला. मिशी अठ्ठावीस वर्षांची, तेल लावून जोपासलेली. "आणि नाहीच राहिलं, तर तू दारावर पाटी लाव. पासपोर्ट फोटो, दहा मिनिटांत!"

"लागली!" फोटोवाला म्हणाला, आणि खिळ्याऐवजी अंगठा ठोकून घेतला.

मास्तरला काय माहीत, ती पाटी फोटोवाल्याने मनात कधीच रंगवून ठेवली होती. परदेशात प्रदर्शनं झाली, पुस्तकं निघाली, पण दोन वर्षांत एक फोटो काढला नव्हता. गॅलरीत चकचकीत लोक यायचे. म्हटलं, एकदा आपल्याच इमारतीच्या जिन्यात टांगून शेजाऱ्यांना तरी दाखवू. इथेही कुणी थांबलं नाही, तर मोठा कॅमेरा विकून मोकळं व्हायचं.

पंच म्हणून समोरचा न्हावी, जो मास्तरचा मेव्हणाच, मोबाइलवर एका मिनिटाचा टायमर लावून पायरीवर बसला. फोटोवाला वर-खाली येरझाऱ्या घालत होता. हा फोटो सरळ कर, तो दिवा पूस, उगाच शर्टाची बटणं मोज.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू थांबल्या. अठरा, एकोणीस, वीस...

"काकू, कसं वाटतं?"

"भिंतीला ओल आलीय बघ इथे," म्हणाल्या आणि गेल्या.

"अहो, बसा ना जरा! तुमच्या पायांनी मला गरगरतंय," न्हावी वैतागला.

संध्याकाळी मास्तर गळ्यात टेप, कानावर खडू अशा थाटात जिंकायला आला. वर चढता चढता मधेच अडकला. समोर त्याच्याच दुकानाचा बारा वर्षांपूर्वीचा फोटो. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचं झाकण आठ-आठ मिनिटं उघडं राहायचं. हलणारी माणसं त्यात विरघळून जायची, वस्तू तेवढ्या उरायच्या. शिलाई मशीन, कात्री, रिकामी खुर्ची.

"हा डाग कसला?" मास्तरने खुर्चीवर बोट टेकवलं.

"कुठूनतरी उजेड आत शिरला असेल. दोनदा ब्रशने झाकायला गेलो, जमलं नाही."

"उजेड? अरे गाढवा, आई आहे ती!"

फोटोवाला दोन पायऱ्या खाली उतरला.

"ती कधी टेकायची का धड? दोन मिनिटं बसली की उठली, बटणं शोधायला. हा बघ तिचा गुडघा. हा पदर." मास्तरचं बोट फोटोवरून फिरत राहिलं. "एका जागी ठरेल तर शपथ."

मिनिट भरून न्हाव्याचा टायमर वाजला तेव्हा मास्तर दचकला. तरी हलला नाही. शेवटी कानावरचा खडू काढून त्याने फोटोखालच्या नावाच्या चिठ्ठीवरच्या 'रिकामी खुर्ची'तल्या 'रिकामी'वर जाड रेघ मारली.

"दाजी," न्हावी हळूच म्हणाला, "वस्तरा आणू?"

चौकात स्टूल मांडलं. दुकानं सोडून माणसं जमली. काकू तर खुर्ची घेऊनच आल्या. फोटोवाला धावत वर गेला आणि मोठा कॅमेरा घेऊन आला. दोन वर्षांची धूळ त्याने शर्टाच्या बाहीनेच पुसली.

"मास्तर, आठ मिनिटं हलायचं नाही."

"मी नाही हलत. हा मेव्हणा हलेल, तो दिसायचा नाही. तेवढंच बरं!"

गर्दी हसली. फोटोवाल्याने झाकण उघडलं, आणि अर्धी मिशी मास्तरच्या मांडीवर पडली.