आरसा घेऊन निघालेला माणूस

पांढरकवड्याच्या एका साप्ताहिकात मी विनोदी सदर लिहीत असे, तेव्हा खरी संपादक माझ्या घरात होती. रजनी वाती वळत बसायची आणि मी लेख वाचून दाखवायचो. वळता वळता तिचा हात थांबला की लेख पास. नाही थांबला तर केराची टोपली. त्या काळात आमच्या देवघरात वातींचा तुटवडा कधी पडला नाही.

पुढे तिचे कान गेले. यंत्र आणलं. त्यात मिक्सर, कुकर आणि शेजारचा कुत्रा स्वच्छ ऐकू यायचे; नवरा तेवढा नाही. 'यंत्र छान आहे,' म्हणत तिनं ते कपाटात ठेवून दिलं.

विनोद ओरडून सांगितला की त्याचं निवेदन होतं. कापसाच्या भावापायी तेव्हा जिल्हाभर कलेक्टरला निवेदनंच चालली होती, त्यात माझं आणखी कशाला? मी सदर बंद केलं. लोक म्हणाले, वय झालं. वयाचं काही नव्हतं. तिच्यासोबत हसणं राहून गेलं होतं, आणि एकट्यानं हसणाऱ्याकडे आपल्या गावात वेगळ्या नजरेनं बघतात.

मुलीनं, शाल्मलीनं, जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवला होता. एका दुपारी त्यावर नव्या यंत्राची माहिती शोधताना 'ऐकू न येणाऱ्यांसाठी सिनेमा' असं काहीतरी टाइप केलं, आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक परदेशी मूकपट समोर आला. कुणीतरी त्याची रिळं धुऊनपुसून, फाटलेलं जोडून, फुकट बघायला ठेवली होती. चित्र इतकं लख्ख की नटाच्या कोटाचं तुटलेलं बटण दिसत होतं.

रजनीला बोलावलं. ती वातींचं ताट घेऊनच आली. तेवढ्यात केळापूरजवळच्या तांड्यावरून रामीबाई आल्या. दर हंगामात त्या रजनीला वातीसाठी घरचा मूठभर कापूस देतात. त्याही टेकल्या.

पडद्यावर एक हडकुळा नवरदेव भलामोठा आरसा घेऊन सासुरवाडीला निघाला होता.

"भाऊ, आवाज काहून बंद केला?" रामीबाई म्हणाल्या. "बाईले ऐकू येत नाही, तं आमालेबी नाही का?"

"याला आवाजच नाही."

"हौ? आमच्या घरवाल्याले, देवीलालले, असं करता येते का पाहा ना!"

समोरून सायकल आली. जन्मभराच्या अनुभवावरून मी ओरडलो, "आता फुटणार!" नाही फुटला. बैल उधळला. "आता!" नाही फुटला. शिडी कोसळली. मी पुन्हा तोंड उघडलं, तर रजनीनं बोट ओठांवर ठेवलं.

नवरदेव दारात पोचला. आरसा शाबूत. सासरे बाहेर आले. पडद्यावर सगळं निवांत झालं आणि माझ्या शेजारी वात वळणारा हात थांबला.

"आता," रजनी म्हणाली.

नवरदेवानं आरसा छातीशी धरून सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. डोकं सरळ आरशातून आरपार.

रजनी हसली. ताट उलटलं, कापूस घरभर. रामीबाईंनी तोंडात पदर कोंबला. मीही हसलो, पण सगळ्यांच्या मागून.

"अहो, तुम्हाला आता उशिरा कळायला लागलं," डोळे पुसत रजनी म्हणाली.

"परत लावा ना, भाऊ," रामीबाई म्हणाल्या. "त्याले वाकू नको म्हणतो मी या टायमाले."

परत लावला. तो वाकलाच.

संध्याकाळी रजनीनं वातींचा जाडजूड पुडा बांधून माझ्या हातात दिला. "ज्यांनी ती रिळं पुसली ना, त्यांना पाठवा."

मी हातानं देवघराकडे खूण केली आणि खांदे उडवले. त्यांच्याकडे देव नसले तर?

"नसू देत," ती म्हणाली. "लाइट तर जात असेल!"

पुडा टेबलावर आहे. पत्ता शोधतोय.